जोडीचा फोटो

अहो, तुम्ही भिंतीवरून हसताय आणि मला धडकी भरते.

तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पुतण्याने बारामतीहून हा फोटो मोठा करून आणला. त्याने स्टुडिओवाल्याला तुमचं नाव सांगितलं, त्या भल्या माणसाने जुन्या निगेटिव्ह धुंडाळून तुमचा शेवटचा फोटो शोधला आणि तुमच्या बाजूचा तेवढा भाग मोठा करून काचेत बसवून दिला. भंतेजींनी वंदना घेतली, लोकांनी फुलं वाहिली, आणि जो तो म्हणाला, भाऊसाहेब किती प्रसन्न दिसतायत. मी मात्र एकाच जागी बघत होते. तुमच्या डाव्या खांद्याच्या पलीकडे, चौकटीच्या अगदी कडेला, बोटभर पदर आलाय. ठिपक्यांचा. तो माझा नाही.

तो शालनचा. माझ्या धाकट्या बहिणीचा. शालन त्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त रडत होती आणि तिचा नवरा, रंगनाथ आबा, दाराशी लोकांच्या चपला बाजूला सारत उभा होता. कुणीतरी आता वर फोटोकडे बघणार, मग शालनकडे बघणार आणि विचारणार, या भीतीने मला माझं रडूसुद्धा नीट आलं नाही. नवऱ्याच्या पुण्यानुमोदनाला बायकोचं लक्ष कुठे, तर चौकटीच्या कडेला. हे तुमचंच देणं आहे, म्हणून तुम्हालाच सांगते.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहिते. अर्जात काही धरून चालायचं नसतं, वाचणाऱ्याला आपण कोण हे ठाऊक नसतं, हे तुम्हीच शेळगावातल्या निम्म्या लोकांना शिकवलंत. विद्यापीठाच्या शेती संशोधन केंद्रावर तुम्ही जन्मभर क्लार्क होतात आणि निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाची पेन्शनची कागदं तुमच्याच हातून गेली. माळी, रखवालदार, ट्रॅक्टरचे ड्रायव्हर, शिपाई, कधी कधी साहेब लोकसुद्धा. ज्यांचा माणूस नोकरीत असतानाच गेला त्या बाया तर थेट घरी यायच्या. ओट्यावर बसायच्या, मी चहा ठेवायची, आणि तुम्ही त्यांना न चिडता विचारायचात की लग्न कधी झालं, पोरं किती, पहिली बायको होती का. शेवटचा प्रश्न आला की बाया पदर तोंडाला लावायच्या. तुम्ही म्हणायचात, "मी न्हाय इचारलं तर ऑफिस इचारंल. तितं रडण्यापरीस हितं रडा."

आणि फोटो. पेन्शनच्या कागदांना नवराबायकोचा जोडीचा फोटो लागतो. हयातभर एका ताटात न जेवलेली माणसं तुमच्या धाकाने शेजारी शेजारी बाकड्यावर बसली. बायकोचा चेहरा कानापासून कानापर्यंत दिसला पाहिजे, ही तुमची अट. एका रखवालदाराचा फोटो तुम्ही परत पाठवलात, कारण त्याच्या बायकोने लाजून पदर भुवईपर्यंत ओढला होता. तो बिचारा दुसऱ्यांदा बारामतीला गेला, आणि बायकोला स्टुडिओत पदर मागे घ्यायला लावताना त्याचंच तोंड लाल झालं, हे तुम्ही मला पोट धरधरून हसत सांगितलं होतंत. मी तेव्हा म्हटलं होतं की आपला फोटो काढायला मी अशी लाजणार नाही. तुम्ही म्हणालात, बघू.

जगाची कागदं वेळेवर करणाऱ्या माणसाची स्वतःची मात्र राहून गेली. मी टोचलं की म्हणायचात, घरचंच तर काम हाय. निवृत्ती तोंडावर आली आणि कळलं की साहेबांची जीप सगळी प्रकरणं घेऊन मुख्य ऑफिसला निघणार आहे, त्यानंतर कधी जाईल त्याचा भरवसा नाही. आणि नेमकी तेव्हाच मला नागीण उठली.

उजव्या कपाळापासून डोळ्यापर्यंत. पापणी मिटून गेलेली, तोंड सुजून भोपळा झालेलं, वर मला बघायला येऊन राहिलेल्या माझ्या आईने लावलेला गेरूचा लेप. नागिणीचं तोंड आणि शेपूट मिळालं की माणूस जातं, असं शेजारच्या बाया माझ्या उशाशी बसून मलाच सांगत होत्या. तुम्ही गेरूवरून आईशी भांडलात, डॉक्टरचं मलम आणलंत, आणि आई आत गेली की स्वतःच्या हाताने गेरू पुसून मलम लावायचात. ती बाहेर आली की पुन्हा गेरू. माझं कपाळ म्हणजे तुमच्या दोघांच्या भांडणाची पाटी झाली होती. त्यातच एक दिवस तुम्ही पिशवी घेऊन सणसरला गेलात. कारखान्याची साखर आणतो म्हणालात आणि रिकामी पिशवी घेऊन परत आलात. मी एका डोळ्याने ती रिकामी पिशवी बघितली. अंगात ताप होता, विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून बारामतीला गेलात. संध्याकाळी परत आलात, हातपाय धुतलेत, माझ्याजवळ पाट ओढून बसलात आणि म्हणालात, "फोटूचं काम झालं. शालनला बसवली."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी म्हटलं, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का. तुम्ही म्हणालात, तुमा दोघी बहिणींचं नाक एक, हनुवटी एक, त्या येवढ्याशा फोटूत कोण बघतंय. मी विचारलं, तिच्या घरी माहीत आहे का. आबाचा स्वभाव मला ठाऊक होता. कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाडीवाल्यांशी दिवसभर हुज्जत घालणारा माणूस, घरी आल्यावरही तोच आवाज. बायको दाजीबरोबर एकटी बारामतीला गेली आणि नवराबायको म्हणून फोटो काढून आली, हे त्याच्या कानावर गेलं तर शालनचं काय होईल ते मला डोळा मिटलेला असूनही दिसत होतं. तुम्ही उठता उठता म्हणालात, "त्येची काळजी तुला नगं." मी त्याचा अर्थ एकच घेतला, की त्याच्यापासून लपवलंय.

नागीण गेली. कपाळावर तिचे डाग राहिले, भुवईत एक खाच राहिली. म्हणजे फोटोतल्या बाईपासून मी आणखी लांब गेले. तुमची पेन्शन सुरू झाली, तिच्या पुस्तकावर साहेबांच्या सहीशिक्क्यासकट तुम्ही आणि शालन. जास्तीची एक प्रत कपाटात होती. मी ती कधीमधी काढून बघायची. फोटोत तुम्ही हसताय, अहो. दात दिसतायत. माझ्याबरोबर तुमचा एकही फोटो नाही, लग्नातही कुणी काढला नव्हता, आणि ज्या एका फोटोत सरकारने आपल्याला नवराबायको म्हणून बघायचं, त्यात तुम्ही माझ्या बहिणीशेजारी बसून हसताय. तुमच्यावर माझा संशय होता असं नाही. पण ते हसू मला खुपायचं. शालनशी मी त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलले नाही. तीही बोलली नाही. सणावाराला भेटलो की पोरांचं, पिकाचं बोलायचो.

तुमच्याशी मात्र मी भांडले. फोटो बदलून घ्या म्हटलं. पहिल्यांदा तुम्ही हसण्यावारी नेलंत. दुसऱ्यांदा भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून म्हणालात, "माझी पेन्शन मला मिळतीय. त्या फोटूचं काम पडणार मी गेल्यावर. तुला घाई हाय का?"

त्यावर बायकोने काय बोलावं? तुम्ही गेल्यावरची सोय करा, हे मी तुमच्या तोंडावर कोणत्या शब्दांत सांगणार होते? दरवेळी मी फोटोबद्दल तोंड उघडायची आणि दरवेळी ते तुमच्या मरणाबद्दल बोलणं व्हायचं. मग मी ताट उचलून आत जायची. एकदाच तुम्ही नीट उत्तर दिलंत. चुलीपुढे शेकत बसला होतात. म्हणालात, पहिला फोटो खोटा होता असं एकदा लिहून दिलं की माझ्या हातनं गेलेली समदी प्रकरणं कुणीतरी उघडून बघंल, त्या बायांचं काय? आणि मग विषय बदललात. मला तेव्हा वाटलं की ही तुमची पळवाट आहे. तुम्हाला लोकांच्या बायांची काळजी, घरच्या बाईची नाही, असंही मी म्हटलं. ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

तुम्ही गेलात त्याबद्दल लिहीत नाही. ज्यांना माहीत असायला हवं त्यांना आहे.

पुण्यानुमोदन झालं आणि लोक समजवायला लागले की वहिनी, अर्ज करा, उशीर करू नका. तुमच्या माघारी तुमचीच वाक्यं मला दुसऱ्यांच्या तोंडून ऐकू यायला लागली. मृत्यूचा दाखला घ्या, पेन्शनचं पुस्तक घ्या, ऑफिसात समक्ष जा, फोटोवरून ओळख पटवतात. ओळख पटवतात, या शब्दापाशी मी अडायची. तुम्हीच सांगितलेला किस्सा आठवायचा. एका मेलेल्या ड्रायव्हरच्या पेन्शनसाठी दोघीजणी एकाच दिवशी हजर झाल्या, आणि क्लार्कने फोटो हातात धरून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. जी फोटोत नव्हती तिला त्याने काय काय विचारलं! ते तुम्ही आवाज काढून सांगायचात आणि मी हसायची. आता माझ्या डोळ्यांपुढे त्या खोलीत मीच उभी होते. क्लार्क विचारत होता, ही कोण? तुम्ही कोण? मग भाऊसाहेबांना बायका दोन होत्या का?

काय करावं, याचा मी नुसता विचार करत बसायची. पदर पुढे ओढून गेले तर? पण पदर मागे घ्यायला लावतात, ते तुम्हीच लावून दिलेलं. खरं सांगितलं तर? खरं सांगायचं म्हणजे शालनचं नाव घ्यायचं, आणि ऑफिसातलं बोलणं सणसरला, तिच्या घरी पोचायला किती वेळ लागतो? आबाने तिला घराबाहेर काढलं तर ती येणार माझ्याच दारात, आणि माझ्या घरात चूल कशावर पेटणार, तर त्याच पेन्शनवर, जी मिळेल की नाही ठाऊक नाही. एकदा तर माझ्या मनात असंही आलं की शालनलाच पाठवावं. फोटोत ती आहे, तोंड जुळेल, माझ्या नावाची सही तिला शिकवता येईल. तुमची विधवा म्हणून शालन जाईल आणि मी घरी बसेन. हा विचार आला तेव्हा मी भाकरी थापत होते. भाकरी तव्यावर तशीच करपली. इतकी भीती मला तुमच्या जाण्याचीही वाटली नव्हती.

शेवटी एका सकाळी मी एकटीच निघाले. कुणाला सांगितलं नाही. कागदं तुमच्याच कापडी पिशवीत घेतली, पांढरी साडी नेसले, कपाळावरचे डाग दिसू नयेत म्हणून केस थोडे पुढे घेतले, मग स्वतःचीच लाज वाटून मागे केले. फाट्यावर बारामतीची एस. टी. मिळाली. खिडकीशी बसले आणि मनातल्या मनात उत्तरं पाठ करत राहिले. अंथुर्णे गेलं, जंक्शन गेलं. सणसर आलं तशी मी मान खाली घातली, कारण थांब्यावर कुणी ओळखीचं भेटू नये. गाडी थांबली. आणि दारातून आबा चढला. त्याच्या मागे शालन.

मी खिडकीकडे तोंड फिरवलं, तरी तो सरळ माझ्याच बाकापाशी आला. शालनला माझ्या शेजारी बसवलं, स्वतः समोरच्या दांडीला धरून उभा राहिला. गाडी हलली. त्याने माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे बघितलं. म्हणाला की मी निघाले की कळव असं त्याने माझ्या पुतण्याला सांगून ठेवलं होतं, पुतण्याने फाट्यावरच्या फोनवरून कळवलं, आणि तेव्हापासून येणारी प्रत्येक गाडी ते दोघं बघत होते. मग वाकून, वजनकाट्यावरचा तो आवाज कुठे ठेवून आला होता कोण जाणे, हळू म्हणाला,

"आक्का, त्या फोटूचं काय सांगायचं ठरिवलं?"

मी शालनकडे बघितलं. ती रडत नव्हती, घाबरलेलीही नव्हती. मी काहीतरी पुटपुटले की तिचा काही दोष नाही, यांनीच तिला नेलं, तुम्ही घरात काही करू नका. आबा माझ्याकडे बघतच राहिला.

"मला ठावं न्हाय व्हय? भाऊसाहेब आदल्या दिशी काट्यावर आले हुते. उसाच्या गाड्या लागलेल्या. बस म्हणलं, बसंनात. हुबं राहूनच म्हणले, आबा, तुमी न्हाय म्हणला तर मी हितनंच माघारी जातो. दुसऱ्या दिशी तिला घिऊन मीच गेलो बारामतीला. फोटू काढताना मी तितंच हुतो."

म्हणजे साखरेची ती रिकामी पिशवी. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं, कुणीच? त्याने मान खाजवली आणि बाहेर उसाकडे बघितलं.

"त्येंनीच नगं म्हणून सांगितलं. म्हणले, आक्काला कळू दिऊ नका मी इचाराय आलो हुतो. मी भ्यालोय ते तिला कळंल, मग ती जास्त भिईल. तिची नागीण लई वर गेलीया म्हणले, आन् हितं डोळं पुसलं."

अहो, तुम्ही भ्याला होतात. गेरूवरून आईशी तोऱ्यात भांडणारे तुम्ही, अंधश्रद्धा म्हणून शेजारणींना हाकलून लावणारे तुम्ही, काट्यावर उसाच्या गाड्यांमध्ये उभे राहून रडलात, की मी जाईन. आणि घरी येऊन मला म्हणालात, काळजी नगं. मी दोन वर्षं तुम्हाला निष्काळजी समजले. फोटो का बदलत नव्हतात हेही मला त्या गाडीत नव्याने कळलं. ते खोटं उघडं पडण्याचीही तुम्हाला भीतीच वाटत होती, आणि ती तुम्ही हसण्यात, तुकडा हातात धरून बोलण्यात, त्या बायांच्या नावाखाली झाकत होतात. मला राग आला हो. शेजारी शालन बसलेली, समोर आबा, गाडी भरलेली, आणि मला तुमच्यावर ओरडावंसं वाटलं. घरात दोन माणसं, एकाच गोष्टीला भीत होती, दोन वेगवेगळ्या भिंतींकडे तोंड करून. मिळून भ्यालो असतो तर काय बिघडलं असतं?

मग शालनने माझा हात धरला आणि बारामती येईपर्यंत सोडला नाही. मी तिला ते विचारलं, जे मला खुपत होतं. दाजी हसले कशाला? ती म्हणाली, ह्येंच्यामुळं. फोटोवाला बूड हलवू नका म्हणाला तर तुम्ही लाकडासारखे ताठ बसलात, घाम फुटलेला, तिच्यापासून जेवढं लांब सरकता येईल तेवढं सरकलेले. आणि आबा फोटोवाल्याच्या मागे, हातात शालनच्या चपला धरून उभा. तो तिथून म्हणाला, साडू, लई ताठ बसू नका, तिला मी परत घिऊन जाणार हाय. तेव्हा तुम्ही हसलात. ते हसू आबाकडे बघून आलेलं होतं. इतके दिवस मी ते हसू उगाच सल म्हणून जपून ठेवलं होतं.

ऑफिसात टेबलामागे एक बाई होत्या. चष्मा, बाजूला गठ्ठे, समोर थंड झालेला चहा. माझी भीती गाडीत निम्मी उतरली होती, ती त्यांच्यासमोर पुन्हा पुरती चढली. त्यांनी मृत्यूचा दाखला बघितला, पुस्तक उघडलं, फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पुन्हा फोटोकडे. माझ्या कानात नुसतं धडधडत होतं. मग त्या म्हणाल्या, वयाने आणि दुःखाने माणूस बदलतंच, इथे सही करा. आणि पेन माझ्या पुढे सरकवलं.

झालं होतं, अहो. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं होतं, कोण बघतंय. आबाने मागून समाधानाने खाकरल्याचंही मला ऐकू आलं. मी पेन हातात घेतलं आणि फोटोकडे बघितलं. ही सही केली की ते तोंड कायमचं झालं. दर वर्षी मी जिवंत आहे हे सांगायला इथे यायचं आणि कुणीतरी शालनचं तोंड बघून म्हणायचं, हो, हीच भाऊसाहेबांची बायको. दर वर्षी पुन्हा ही धडधड. मी मरेपर्यंत.

मी म्हटलं, "बाई, फोटोत मी न्हाय."

"आक्का," आबा मागून म्हणाला, "कशापायी?"

बाईंनी चष्मा काढला. मग कोण, म्हणून विचारलं. शालन पुढे आली आणि म्हणाली, मी. आबाने मग सगळं सांगितलं, नागिणीपासून चपलांपर्यंत, आणि काट्यावरच्याच आवाजात सांगितलं, त्यामुळे आजूबाजूच्या टेबलांनीही ऐकलं. कुणी हसलं नाही. बाईंनी पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या की तुम्ही बोलला नसतात तर हे आज झालं असतं. आता बोललात, आता मला ते लिहावं लागणार. तुमचं प्रतिज्ञापत्र द्या, तुमचा स्वतःचा फोटो द्या, ओळखणारी दोन माणसं द्या. प्रकरण वर जाईल. खुलासा मागतील. मंजूर होईल का, हे मी सांगू शकत नाही. त्या कठोर नव्हत्या. पण त्यांच्या तोंडावर धीर देण्यासारखं काही नव्हतं, आणि त्यांनी खोटा धीर दिला नाही.

मी कठड्याला धरून पायऱ्या उतरले. हातातला घास मी स्वतः टाकून दिला होता. आबा एवढंच म्हणाला की आमी दोघं साक्षीला हाय, काय हुईल ते हुईल. मग तो आम्हाला त्याच स्टुडिओत घेऊन गेला.

तेच बाकडं आहे तिथे, मागे तोच निळा पडदा. स्टुडिओवाल्याने शालनला ओळखलं, मला बसायला सांगितलं. मी बसले. तो काळ्या कापडाखाली डोकं घालून डब्यातून बघत राहिला, मग डोकं बाहेर काढून म्हणाला, "मावशी, मधे सरका. कडेला बसलाय तुमी. निम्मी जागा रिकामी येतीय."

मी खाली बघितलं. खरंच, मी बाकड्याच्या एका टोकाला बसले होते. आबाने त्या दिवशी जे केलं तेच आता केलं, माझ्या चपला हातात घेऊन मागे उभा राहिला, पण या वेळी माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत. मी स्टुडिओवाल्याला म्हटलं, एक असाच काढा. मग सरकते.

ऑफिसला दुसरा दिला, मधोमध बसलेला, कानापासून कानापर्यंत, भुवईतली खाच आणि डाग सगळं दिसतंय असा. तुम्ही एका नजरेत पास केला असतात. टोकाला बसून काढलेला पहिला फोटो घरी आणला आणि तुमच्या चौकटीच्या कडेला, त्या ठिपक्यांच्या पदरावर, खोचून ठेवला. तो पदर आता झाकलाय. तुमच्या त्या बाजूला मी बसलेय, आणि माझ्या शेजारची रिकामी जागा तुमच्याकडे आहे.

वरून अजून काही आलेलं नाही. खुलाशाचं पत्र येईल, नामंजुरीचं येईल, की काहीच येणार नाही, कुणी सांगू शकत नाही. पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की हातातलं काम टाकून दारात येते, आणि तो पुढे निघून गेला तरी उंबऱ्यातच उभी राहते. परवाही तो दारावरून तसाच गेला. मी आत आले. इतके दिवस आपण जे एकमेकांना सांगितलं नाही ते सांगायला तुमच्या समोर उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "अहो, मला लई भ्या वाटतंय."

घरात दुसरं कुणी नव्हतं. तुम्ही ऐकलंत.